पाच जणांची खोली

९ मे

सगळी हॉटेलं चार माणसांसाठी बांधलेली असतात. दोन मोठी, दोन लहान. जगातली सगळी कुटुंबं एवढीच असतात असं या लोकांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक. पाचवं माणूस टाकलं की फोनवर लाल अक्षरं येतात आणि दोन खोल्या घ्या म्हणून सुचवतात. दोन खोल्या मला नकोत.

जुलैच्या सुट्टीत आम्ही ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला चाललोय. आमच्या ओपोतिकी गावाहून आम्ही चौघं, म्हणजे माझा नवरा पाओरा, मी, आमची दोन पोरं काहू आणि तिआकी, आणि पाचवी हिनेराउ. ती तिकडेच असते, पाळण्यांच्या पार्कपासून अर्ध्या तासावर लोगनला, माझ्या ताईकडे. अकरा वर्षांची झाली. माझी पहिली. चार रात्री ती आमच्याबरोबर हॉटेलात राहील. दिवसा पार्क, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि संध्याकाळी सगळे एका खोलीत. खिडकीजवळची खाट तिची, हे मी आधीच ठरवून टाकलंय.

पाओराला डझनभर हॉटेलं दाखवली. प्रत्येक वेळी "बरं आहे की" म्हणाला. शेवटी म्हणाला, "एवढं बघून तू मला तरी निवडलं होतंस का, पारे?"

"तुला घेताना पोहायचा तलाव आहे का ते बघायचं नव्हतं," मी म्हटलं.

हसला आणि परत रग्बी बघायला लागला. या माणसाच्या डोक्याला कशाचा ताप नसतो.

१२ मे

मी कामाला जाते त्या किवी फळांच्या शेडमध्ये आज सरकत्या पट्ट्याच्या पलीकडे जनीन उभी होती. नवीन आहे, दक्षिणेकडची, गोरी. फळं निवडता निवडता हॉटेलचा विषय निघाला आणि त्यात हिनेराउचा. "म्हणजे तू तिला दत्तक दिलीस?" तिने विचारलं, आणि आवाज असा बारीक केला की जणू कोणाच्या दुखण्याची चौकशी करतेय.

दत्तक नाही, फांगाई, म्हणजे घरातल्याच कोणाला मूल वाढवायला देणं, मी सांगितलं. आम्हा माओरी लोकांत त्यात कुजबुजण्यासारखं काही नसतं. रिपेकाताईची बाळं पोटातच जात होती. मी तेव्हा विशीचीही नव्हते. आईने मला विचारलं, मी हो म्हटलं, आणि आईने हिनेराउला उचलून ताईच्या मांडीवर ठेवलं. कागद नाही, कोर्ट नाही. पोरीला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. ताईला ती आई म्हणते आणि मला धाकटी आई. पुढे ताई तिला घेऊन ऑस्ट्रेलियात गेली, नवरा वारला तरी तिथेच राहिली.

"आणि तुला ती परत हवी झाली तर?"

"परत? ती काय उसनं नेलेलं भांडं आहे?" मी म्हटलं. पण त्यानंतर दिवसभर डागाळलेली फळं माझ्या हातून पुढे जात राहिली आणि सुपरवायझर येऊन दोनदा ओरडून गेला.

१५ मे

कुइनी आत्या आली होती. बाबांची बहीण. आई गेल्यापासून आमच्यावर ओरडायला तेवढी एकच उरली आहे आणि ती ते काम मनापासून करते.

"लोगनला तुझ्या बहिणीचं घर आहे ना? छप्पर उडालं का त्याचं?"

"नाही आत्या."

"मग खाटेचे पैसे तू कोणाला देतेस?"

मी म्हटलं, मुलं दमतात, हॉटेलातून पार्कला थेट बस असते, ताईवर कशाला भार टाकायचा. तिने चहाचा कप खाली ठेवला. "भार? बहिणीचा भार? पारे, तुझी आई गेली तेव्हा करोनात सीमा बंद होत्या. रिपेकाने आईचं तोंड पाओराच्या फोनवर बघितलं. त्यानंतर तुम्ही दोघी अजून समोरासमोर आलेल्या नाहीत. आधी तिच्या दारात जायचं, एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं, मग जेवायचं. त्यानंतर जा कुठल्या घसरगुंडीवरून पडायचंय तिथे. हे मी तुला शिकवायचं का आता?"

मी हो हो म्हणून वेळ मारून नेली.

आत्याला काय सांगणार? ताईकडे गेलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. बाहेरच्या खोलीत गाद्या अंथरलेल्या, सगळे ओळीने झोपलेले, आणि हिनेराउ तिकडे ताईच्या कुशीत. सकाळी ताई तिचे केस विंचरणार आणि मी बाजूला बसून चहा पिणार. माझ्याच मुलीच्या घरी पाहुणी म्हणून जाऊन जाऊन मला वीट आलाय. हॉटेलात पाहुणे सगळेच असतात. तिथे केस मी विंचरेन.

२१ मे

ताईला फोन करून हॉटेलचं सांगितलं.

"मी नव्या गाद्या आणल्यात," ती म्हणाली.

"अगं ताई, तुला कशाला त्रास."

"त्रास," ती म्हणाली. मग म्हणाली, "हिनेराउ पण हॉटेलात?"

"हो. चार रात्रींचा तर प्रश्न आहे."

"तिला कांदा सोसत नाही. पोट दुखतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्याच गोष्टीचा राग येत होता, आणि तो ताईचा होता की कांद्याचा ते कळत नव्हतं.

हॉटेल मात्र सापडलंय. पार्कच्या अगदी फाटकाशी, दुमजली खाटा, जहाजासारख्या रंगवलेल्या. पाच जण मावतात. तलावाचं पाणी गरम असतं, जुलै म्हणजे ऐन थंडी, ते हवंच.

२ जून

आज हिनेराउशी बोलले. एरवी दोन मिनिटांत "आईला देते" म्हणणारी पोरगी आज स्वतःहून प्रश्न विचारत होती. मला इतकं बरं वाटलं.

"धाकटी आई, ते हॉटेल विमानतळाजवळ आहे का?"

"नाही गं, विमानतळ खूप लांब. का? विमानं बघायला आवडतात तुला?"

"असंच विचारलं."

मग खोलीत फोन असतो का विचारलं. मग "माझा पासपोर्ट आणायचा का?" असं विचारलं. मला हसू आलं. म्हटलं, वेडे, तुझ्याच गावात फिरायला कशाला लागतो पासपोर्ट? ती हसली नाही. "बरं," म्हणाली. जहाजाची खाट चालेल का म्हटलं, तर "चालेल." वरची की खालची, तर "कुठलीही चालेल." कशालाच नाही म्हणत नाही. इतकी गुणी आहे. काहूला असं विचारलं असतं तर त्याने अख्खं जहाज मागितलं असतं.

६ जून

हॉटेल बदललं. पार्कच्या फाटकाशी असलेल्या हॉटेलात खिडकीतून मोटारींचा तळ दिसतो, असं लोकांनी लिहिलंय. आता जे घेतलंय ते दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला आहे. सज्जातून उतरणारी विमानं दिसतात. पार्कची बस तिथूनही सुटते. तलाव मोठा आहे आणि पाचवी खाट फुकट देतात. हिनेराउला विमानं आवडतात म्हणून मुद्दाम हे निवडलं. लोगनपासून तासाभराचं अंतर होतं, पण ते काही मी मुद्दाम केलेलं नाही.

तिला निरोप पाठवला, विमानतळाजवळ हॉटेल मिळालं म्हणून. उत्तर आलं, "बरं, धाकटी आई." नुसतं एवढंच. लाजत असेल.

१३ जून

तिआकीच्या शाळेत काम होतं, तर जाता जाता हेडमास्तरांना सहज विचारलं, सातवीच्या वर्गात मध्येच एखादी जागा असते का. असते म्हणाले. नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी काही कोणाकडून हिसकावून घ्यायला चालले नाही. एवढंच वाटतं की चार दिवस आमच्यात राहिली, भावांबरोबर खेळली, आणि तिलाच वाटलं की धाकट्या आईकडे जावं, तर? आई असती तर आईला विचारलं असतं. आईनेच दिली होती, तिनेच सांगितलं असतं. आता कोणाला विचारायचं? सरकारी कागदांवर तर आई म्हणून माझंच नाव आहे. ताईचं कुठेच नाही. हे मी नुसतं लिहून ठेवतेय.

पाओराला शाळेचं सांगितलं. तो पहिल्यांदा रग्बी सोडून माझ्याकडे बघत बसला. "पारे, असलं करायच्या आधी बहिणीशी बोल," म्हणाला. मी म्हटलं, केलंय काय मी? प्रश्न विचारलाय एक.

१८ जून

"शाळेत कशाला गेली होतीस?" आत्या दारातूनच.

"तिआकीचं काम होतं."

"हेडमास्तरची बायको चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहून गाते. तिआकी सातवीत गेला का?"

मी भांडी घासत राहिले. आत्याने फडकं घेतलं आणि पुसायला लागली. ती पुसायला लागली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

"रिपेकाच्या कानावर घातलंय मी," ती म्हणाली. "तिला अंधारात ठेवणं मला जमणार नाही."

"काय म्हणाली?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

राग आला आत्याचा, पण एका परीने सुटल्यासारखंही झालं. ताईला हरकत असती तर ती तेव्हाच बोलली असती. ती काही मुकी नाही.

२५ जून

ताईचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. मग विचारलं, "ओपोतिकीला आता थंडी कितपत असते गं? सकाळी शाळेच्या वेळेला दंव असतं का अजून?"

म्हटलं, असतं की, काहूचे कान लाल होतात.

"बरं," म्हणाली. "लोकरीचं काहीतरी बघते."

ताईला गावची आठवण यायला लागली. वय झालं. फोन ठेवताना म्हणाली, "पारे, तू पोचलीस की मीच तिला घेऊन येते हॉटेलवर. तू नको येऊस." चला, निदान हे तरी सोपं झालं. मला वाटलं होतं, आधी घरी या म्हणून अडून बसेल.

२ जुलै

हॉटेल छायाचित्रात होतं त्याच्या निम्मं आहे. तलाव आहे, पण अर्ध्या भागाला दोरी बांधून बंद केलाय. तळमजल्यावर माणसापेक्षा मोठा सिमेंटचा पेंग्विन आहे आणि त्याच्या पोटात नाणं टाकलं की गाणं वाजतं. खोली दोनला मिळणार होती. आम्ही सामानाजवळ उभे होतो. आजूबाजूला रबरी टायर कमरेला अडकवलेली ओली पोरं पळत होती.

तेवढ्यात दारातून ताई आली. पायघोळ काळा झगा. डोक्यावर परसातल्या कसल्याशा झाडाच्या हिरव्या डहाळ्यांचं कडं. छातीशी आईची तसबीर धरलेली, काचेकडची बाजू आमच्याकडे. मागे हिनेराउ, तीही काळ्यात, एका हाताने भलीमोठी बॅग ओढत. ताई पेंग्विनपाशी थांबली आणि तिने हाक दिली. मेलेल्यांना आणि त्यांच्या माणसांना देतात ती हाक, लांब, वरच्या पट्टीतली. आई गेली तेव्हा आत्याने आमच्या मंडपाच्या दारात दिली होती तशी.

सगळं थांबलं. पोरं थांबली. काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. कोणीतरी फोन वर धरला.

मला उत्तर द्यायला हवं होतं. पुढे जाऊन आमच्या रीतीप्रमाणे ताईच्या नाकाला नाक लावायला हवं होतं, रडायला हवं होतं. मला येतं ते. मी पुढे गेले, तिचा दंड धरला आणि म्हटलं, "ताई, इथे नको. लोक बघतायत."

तिने हाक अर्ध्यावर सोडली. तोंड मिटलं. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग आईची तसबीर पदरात झाकावी तशी झग्याच्या घडीत लपवली आणि म्हणाली, "माझंच चुकलं. जागा बघायला हवी होती."

पाओरा पुढे झाला, तिला जवळ घेतलं. तो रडला. मी बॅगा मोजत होते.

जाताना ताईने हिनेराउचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती वेळ कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. चार दिवसांसाठी एवढं. ताई पहिल्यापासूनच जरा जास्तच करते. बर्फाच्या पेटीत शिंपले आणि तळलेला पाव आणला होता, ते हॉटेलवाल्यांनी आत नेऊ दिलं नाही. ताई पेटी घेऊन परत गेली.

३ जुलै

पार्क. तिआकीला उंची कमी पडली म्हणून मोठ्या पाळण्यावर सोडलं नाही, तो जमिनीवर लोळला. हिनेराउ सगळ्यावर बसली. मी म्हटलं चल, की चल. सगळ्यात उंच पाळणा, खाली सरळ पडणारा, त्यावर माझ्याबरोबर तीनदा बसली. उतरल्यावर चेहरा पांढरा, पण "आवडलं?" म्हटलं तर "हो." आइस्क्रीम? हो. घसरगुंडी? हो. सकाळी केसही विंचरू दिले. मान अगदी स्थिर ठेवून बसली होती.

बसमध्ये काहू माझ्या कानाशी लागून म्हणाला, "हिनाताई पाळण्यात डोळे मिटून रडत होती. मी बघितलं."

"वाऱ्याने पाणी येतं डोळ्यांत," मी म्हटलं.

खिडकीजवळची खाट तिला दिली. सज्जातून विमानं खरंच दिसतात, अगदी डोक्यावरून उतरतात. ती पडदा लावून घेते.

आजचा दिवस मी इतकी वर्षं मागत होते तसा होता. मग जेवताना मी ताट तसंच का सरकवलं?

४ जुलै

संध्याकाळी वारा सुटला. मुलं तलावावर होती. हिनेराउ पायऱ्यांवर कुडकुडत बसली होती म्हणून तिचा स्वेटर आणायला वर आले आणि ती बॅग उघडली.

वर नवा लोकरीचा स्वेटर होता, किंमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेला. त्याखाली आणखी दोन. मोजे. पावसाळी कोट. शाळेचे बूट. पहिल्यांदा मला हसू आलं, की ताईला सामान भरायचं कधी कळलंच नाही. मग शाळेची प्रगतिपुस्तकं निघाली, पहिलीपासूनची. लस टोचल्याचं कार्ड. आईने विणलेली बाळाची शाल. तळाशी पासपोर्ट, आणि आईची ती तसबीर, ताईने जाता जाता गुपचूप सारलेली, हिनेराउच्या पोहण्याच्या टॉवेलात गुंडाळलेली.

मी खाटेवर बसले. हिनेराउ मला शोधत वर आली आणि दारात थांबली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"माझं सामान."

"एवढं? चार दिवसांसाठी?"

ती जरा गोंधळली. "आई म्हणाली, तुम्ही मला न्यायला आलात. म्हणून तुम्ही आपल्या घरी राहिला नाहीत. न्यायला आलेली माणसं घरी राहत नाहीत, म्हणाली, त्यांना जड जातं."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, तू जन्म दिलास, आणि आजीने मला आईकडे दिलं होतं ते तुझ्याकडून मागून. तर तू परत मागितलंस तर नाही म्हणायचं नाही. कशालाच नाही म्हणायचं नाही. भांडायचं नाही, रडायचं नाही, कारण मग तुला वाटेल आईने मला तसं शिकवलं." ती बोटांनी टॉवेलचं टोक पिळत होती. "मी रडले नाही, धाकटी आई. फक्त पाळण्यात."

ती जवळ आली, बॅगेतल्या वस्तू परत नीट लावायला लागली.

"एक विचारू?"

"विचार."

"तिकडे गेल्यावर पण मी आईला आई म्हटलं तर चालेल?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चालेल म्हटलं असावं. ती स्वेटर घालून खाली गेली. चिठ्ठी तशीच लटकत होती.

नंतर मी काय केलं तेही लिहिते, इथे तरी खोटं नको. मी विमान कंपनीला फोन केला. आमच्या विमानात पाचवी जागा आहे का विचारलं. आहे म्हणाले. नाव काय घालू, त्या बाईने विचारलं. मी फोन कानाशी धरून बसून राहिले. ती तीनदा हॅलो म्हणाली आणि तिने ठेवला.

ताईने भांडण केलं असतं तर मी भांडले असते. मला भांडायची सगळी तयारी होती.

६ जुलै, विमानतळ

काल पार्कला गेलो नाही. नाश्ता झाल्यावर मी मुलांना म्हटलं, सामान भरा, आपण लोगनला जातोय. हिनेराउने माझ्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. विचारायचं नाही असंही तिला सांगितलेलं असेल. गाडीत तासभर ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

ताई दाराच्या पायरीवर बसली होती. कामावर गेली नव्हती. गाडी बघून उठली.

"काय राहिलं?"

"काही नाही. आम्ही राहायला आलो. एका रात्रीसाठी. चालेल ना?"

तिची नजर पाओराच्या हातातल्या बॅगेवर गेली. "तिची बॅग कशाला उतरवताय?"

"कारण ती इथे राहते, ताई."

ताईने कठडा धरला आणि परत खाली बसली. मग तिच्या तोंडून तो आवाज आला, त्या दिवशी अर्धाच सोडलेला. या वेळी मी उत्तर दिलं. रस्त्यावर शेजारीण झाडांना पाणी घालत होती, तिने नळ बंद केला आणि आत गेली. आम्ही नाकाला नाक लावून रडलो, आईसाठी. ताई आईसाठी रडत होती. मी आणखी कशासाठी रडत होते ते तिला कळलं असावं, कारण तिने माझी मान सोडलीच नाही.

"मला वाटलं, तू हॉटेल घेतलंस म्हणजे ठरलंच," ती म्हणाली. "विमानतळाजवळचं घेतलंस तेव्हा तर खात्रीच झाली."

"मला एकदा विचारायचंस तरी."

"काय विचारू? दे म्हणून मी एकदा मागितली होती. ठेवू दे म्हणून परत कोणत्या तोंडाने मागू?"

बाहेरच्या खोलीत पाच गाद्या अंथरलेल्या होत्या, इस्त्रीच्या चादरी घातलेल्या. आम्ही उतरलो त्या दिवसापासून तशाच होत्या. कोणी पाठ टेकली नव्हती.

हिनेराउने बॅग पाओराच्या हातातून घेतली आणि स्वतः ओढत आपल्या खोलीत नेली. आतून कपाटाचे खण उघडल्याचे, ढकलल्याचे आवाज येत राहिले. मग बाहेर आली ती वेगळीच मुलगी. काहूला म्हणाली, "सरक, ती माझी जागा आहे." तिआकीच्या ताटातला पाव पळवला. मी तिला मासा वाढायला गेले तर हात आडवा घातला. "नको, मला अजिबात आवडत नाही मासा." नको. चार दिवसांत पहिल्यांदा.

जेवण झाल्यावर येऊन माझ्या खांद्याला टेकून बसली आणि फोनमधले पार्कचे फोटो दाखवायला लागली. "हा पाळणा बघ ना, धाकटी आई. मी मेलेच होते. कसला घाणेरडा आहे तो, आणि तू मला तीनदा बसवलंस!" पोट धरून हसत होती. शाळेतल्या मैत्रिणीची नक्कल करून दाखवली. ताई रागावली की कशी दिसते ते दाखवलं. अकरा वर्षांत ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती. मी हॉटेलं शोधत होते ती याच्यासाठीच. आणि हे मला मिळालं, कारण तिला आता माझी भीती उरली नव्हती. माझ्या पोटच्या पोरीला माझी भीती वाटत होती, आणि मी तिला गुणी समजत होते.

"पुढच्या वर्षी पण या ना," ती म्हणाली. "पण हॉटेलात नका जाऊ."

"नाही जाणार," मी म्हटलं. हसतही होते मी, पाओराने नंतर सांगितलं.

खिडकीजवळची गादी तिच्यासाठी ठेवली होती. ती ताईच्या खोलीत झोपायला गेली.

आत्ता त्या दोघी आम्हाला सोडायला आल्या होत्या. पाओरा मुलांना घेऊन पुढे गेला. मी हिनेराउला जवळ घेतलं. तिने मला मिठी मारली, घट्ट, अगदी मनापासून. एकाच हाताने. दुसरा ताईच्या हातात होता.